आशा आतल्या बाजूला

दुसऱ्या बाईच्या गळ्यात पडायची माळ ओवता ओवता आपणच प्रेमात पडावं, हा वेडेपणा अवंतिकाच्या हातून होणारा नव्हता. दाना ओलीच्या गल्लीत कुणालाही विचारा, सगळे एकच सांगतील, पोरगी भारी शहाणी. पण शहाण्या माणसांची एक पंचाईत असते. ती घसरतात तेव्हा कुणी धरायला येत नाही, कारण ती घसरतील असं कुणाला वाटलेलंच नसतं.

आणि त्या दिवशी घसरायला तशी सोयही झाली होती. पौषातली दुपार, ग्वाल्हेरची हाडात शिरणारी थंडी, सकाळपासून धुकं आणि त्यात अवेळी आलेला पाऊस. दुकानाची दगडी पायरी ओली झालेली. अवंतिका पायाशी शेगडी घेऊन कुणाची तरी काळी पोत ओवत बसली होती, तोच एक तरुण माणूस पायरीवरून घसरला आणि थेट तिच्या गादीपुढे येऊन बसला. बसला कसला, आदळलाच! पण छातीशी धरलेली डबी त्यानं काही सोडली नाही.

"लागलं का हो?"

"नाही... मतलब, लागलं. लेकिन दाखवण्यासारखं नाहीये."

अवंतिकाला हसू आवरेना. तोही ओशाळून हसला, केसांतलं पाणी निपटलं आणि म्हणाला, "सराफ्यातल्या पटव्याचं, दागिने गाठवणाऱ्याचं, दुकान बंद आहे. तिथं कुणी तरी सांगितलं, दाना ओलीत एक मावशी पुतळ्या छान गाठवतात."

"मावशी आत आहे. सुईचं काम आता मी करते."

"आणि मावशी?"

"ती माझ्या चुका काढते."

हे मात्र अगदी खरं होतं. सुधाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, चाळीस वर्षं लष्कर भागातल्या घराघरांतले दागिने गाठवले होते. एक मणी उलटा पडला तरी त्यांना दारातून दिसायचा, आणि दिसला की त्या गप्प बसायच्या नाहीत. लेकीचं काम गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी त्यांच्या नजरेखालून गेलंच पाहिजे, हा त्या घराचा दंडक होता.

त्यानं डबी उघडली. आत जुनी पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे नाण्यासारखी सोन्याची चकती, तिच्यावर माणसाची आकृती ठसवलेली. एक्कावन्न पुतळ्या होत्या, दोरा पार कुजला होता.

"घरची आहे. घरातल्या प्रत्येक सुनेनं लग्नात घातलेली. माघात लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझंच," तो म्हणाला. शेजाऱ्याच्या घरचा पाण्याचा पाइप फुटला हे सांगावं, तितक्याच उत्साहानं.

त्याचं नाव समरजीत. गोरखी वाड्याजवळ राहायचा, विद्यापीठात इतिहास शिकवायचा, तेही कंत्राटावर. लग्न वडिलांनी, दिनकररावांनी ठरवलेलं. मुलगी त्यांच्या जुन्या मित्राची. समरजीतला विचारलं तेव्हा नाही म्हणायला त्याच्यापाशी काही कारण नव्हतं. पौषातल्या त्या दुपारपर्यंत खरोखरच नव्हतं.

"माळ ठेवून जाऊ?"

"छे! आम्ही कुणाचं सोनं ठेवून घेत नाही. मालकानं समोर बसायचं. उसवताना, ओवताना, सगळा वेळ. लग्नसराईचं दुसरंही काम आहे, त्यामुळे रोज दोन तास. दहा दिवस लागतील."

"दहा दिवस मी फक्त बसून राहू?"

"जमलं तर गप्पही."

ते मात्र त्याला एक दिवसही जमलं नाही.

माळ उसवताना मधलं पदक अवंतिकाच्या बोटांना जड लागलं. बाकीच्या पुतळ्या पातळ, हे चांगलं जाड. वर कडी जोडलेली. त्यावर एका बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा होता. सरळ नाक, केसांच्या लाटा, आणि चेहऱ्यावर किती तरी वर्षांचं कुंकू बसलेलं.

"ही पुतळी नाही," ती म्हणाली.

समरजीतनं पटकन आत, सुधाताईंच्या दिशेनं पाहिलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका हं. हे रोमचं नाणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं असेल. मिरी आणि मलमल घ्यायला जहाजं यायची ना, त्यांच्याबरोबर आलेलं. आमच्या कुठल्या तरी पणजोबांनी दख्खनेतून आणलं, आणि घरात सगळे हिला भवानी समजून पूजा करतात."

"आणि आहे कोण?"

"रोमची कुणी तरी राणी. नाव झिजलंय."

"मग बिचारी इतकी वर्षं दुसऱ्याच्याच नावानं पूजा घेतेय की!" अवंतिका म्हणाली, आणि त्या राणीची तिला उगीचच दया आली.

तिसऱ्या दिवशी समरजीत तीळगुळाची गजक घेऊन आला. चौथ्या दिवशी त्यानं मोबाइलवर नाण्यांचे फोटो आणले आणि शिकवणीच सुरू केली.

"ही बघा, जूनो. देवांची राणी. पायाशी मोर."

"मोर? मग ही आमची सरस्वती."

"ही सालुस. आरोग्याची देवी. वाटीतून नागाला पाजते आहे."

"नागपंचमी," अवंतिका सुईवरची नजर न काढता म्हणाली.

"आणि ही लज्जेची देवी. तोंडावर पदर ओढून घेते बघा."

"ही तर समोरची वहिनी! सासरे जिन्यात दिसले की अस्संच करते."

"अहो, मी सहा वर्षं अभ्यास केला या बायांचा," समरजीत हात जोडून म्हणाला, "आणि तुम्ही दहा मिनिटांत सगळ्यांना दाना ओलीत आणून बसवलंत!"

राण्यांची तर आणखीच मजा. प्रत्येकीचा अंबाडा निराळा. एकीचा थेट माथ्यावर, भोवती मोत्यांचे सर. एकीचा मानेवर. नाव पुसलं तरी केसांवरून राणी ओळखता येते, असं तो सांगत होता.

"मग मला कशावरून ओळखाल?" अवंतिका बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. पण बाण सुटला होता.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कामाच्या नादात तिनं सुई केसांत खोचली होती, लाल रेशीम कानावर लोंबत होतं.

"केसांत सुई खोचणारी राणी अख्ख्या जगात एकच आहे," तो म्हणाला. अवंतिकानं सुई केसांतून काढली आणि उगाच दोरा ओवू लागली.

"ही नाणी राजे पाडायचे? आपल्या बायकांसाठी?" तिनं विचारलं.

"हो. एक राजा तर बायको गेल्यावर किती तरी वर्षं तिचीच नाणी पाडत राहिला."

"जिवंतपणी सांगायचं राहिलं असेल..."

हे ती सहज म्हणाली होती. पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं, आणि त्यानं मोबाइल बंद करून खिशात टाकला.

तुम्ही म्हणाल, मग तिला कळत नव्हतं का? कळत होतं हो, सगळं कळत होतं. रोज साडेअकरा वाजले की तिचे कान रस्त्याकडे लागायचे. रोज ती स्वतःला बजावायची, की हा माणूस समोर बसलाय तो सोन्याची राखण करायला. आणि रोज माळ बोटाबोटानं वाढत होती. तिच्या हातानं ती जितकी झटपट ओवेल तितका तो लवकर जाणार होता. म्हणून मग शहाणी अवंतिका हळू ओवू लागली. ओवलेली गाठ पसंत पडली नाही म्हणून सोडू लागली. आतून सुधाताई ओरडायच्या, "अगं, आज हाताला झालंय तरी काय तुझ्या?"

सहाव्या दिवशी नाणं तिच्या हातात होतं. तिनं ते उलटून पाहिलं. मागची बाजू गुळगुळीत, जवळजवळ सपाट.

"इकडे काय आहे?"

"कुणाला माहीत नाही. ती बाजू नेहमी आत असते ना, अंगाला लागून. सात सुनांच्या गळ्यावर घासून घासून गेली. आमच्यात रीतच आहे, राणी बाहेर."

अवंतिकानं दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा शेगडीजवळ धरून मऊ केला आणि नाण्याची ती बाजू त्यावर घट्ट दाबली. मेण निवल्यावर नाणं उचललं, गोळा खिडकीच्या उजेडात तिरपा धरला... आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते मेणात उमटलं. एक बाई. पुढे निघालेली. एका हातात फूल, दुसऱ्या हातानं वस्त्राचा घोळ उचलून धरलेला.

"चिखल असावा पुढे," अवंतिका कुजबुजली. "निऱ्या उचलल्यात तिनं."

समरजीतचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. "स्पेस," तो म्हणाला. "आशा. त्यांची आशेची देवी. ते फूल अजून उमललेलं नाही, बघा. राजपुत्रांच्या नाण्यांवर ती जास्त असते, राणीच्या मागे क्वचित." मग थोडं थांबून म्हणाला, "एवढी वर्षं आमच्या घरात आशा आतल्या बाजूला होती, आणि कुणाला पत्ताच नाही."

गोळा दोघांनी मिळून धरला होता. मेण केव्हाच थंड झालं होतं, पण हात कुणीच काढला नाही. शेवटी आतून सुधाताईंची चाहूल लागली.

त्यांनीच मग बाहेर येऊन दुसरी रीत सांगितली. "बाळा, माळ पूर्ण झाली तरी आम्ही कच्ची गाठ मारून देतो. पक्की गाठ लग्नाच्या दिवशी, नवरीच्या गळ्यावर. आणि ती जिनं ओवली तिनंच मारायची."

"म्हणजे लग्नाला अवंतिकाजी येणार?"

"यायलाच पाहिजे. तिचा मान आहे तो," सुधाताई अभिमानानं म्हणाल्या.

ज्याला मान म्हणतात तो कधी कधी किती जीवघेणा असतो! अवंतिका मान खाली घालून दोऱ्याला मेण लावत राहिली.

आठव्या दिवशी नवरी आली. माळेची लांबी गळ्यावर मापून घ्यावी लागते, म्हणून उन्नती बिर्ला नगरहून ई-रिक्षानं आली होती. नाकाचा शेंडा थंडीनं लाल, गळ्यात मुलांनी रंग सांडलेला मफलर. कुठल्याशा शाळेत बालवाडी शिकवायची. अवंतिकानं मनात ठरवलं होतं, की ही आपल्याला आवडायची नाही. पण ती आवडली, त्याला काय करणार?

समरजीत चहा सांगायला गेला तेव्हा उन्नती हळूच म्हणाली, "दीदी, जरा लूज ठेवा ना. मला गुदमरल्यासारखं होतं."

"सवय होईल."

"तसं नाही... दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. चार दिवस आधी मुलाकडून फोन आला, हमें नहीं करना. बस, एवढंच. बाबा मिल बंद पडली तेव्हा रडले नव्हते, त्या दिवशी रडले." तिनं समोरच्या आरशात स्वतःच्या गळ्याकडे बघितलं. "हे मोडलं ना, तर मी परत कुणासमोर नाही बसणार. मोडणार तर नाही ना, दीदी?"

"का मोडेल?" अवंतिका म्हणाली. हातातली मापाची दोरी तिनं बोटाला करकचून गुंडाळली. संध्याकाळपर्यंत बोटावर वळ होता.

दहाव्या दिवशी दोन्ही बाजू ओवून झाल्या होत्या, फक्त मधलं नाणं आणि वरचा गोंडा राहिला होता. समरजीत आला, पण बसला नाही. दारातच उभा राहिला. सुधाताई भाजी घ्यायला गेल्या होत्या.

"आज मी बसत नाही."

"मग काम कसं करू? रीत आहे..."

"आज रीत मोडतो. माळ तुमच्याकडे राहू दे. उद्या अकराला नेईन." त्यानं डबी गादीवर ठेवली. "अवंतिका, मला हे लग्न... मी दहा दिवसांपूर्वी करू शकलो असतो. आता नाही होत. तू एकदा हो म्हण, मी आज बाबांशी बोलतो. उन्नतीच्या पायावर डोकं ठेवून माफी मागेन. जे होईल ते होईल."

अवंतिकानं तोंड उघडलं.

"नको!" तो घाईनं म्हणाला. "तोंडानं नको सांगू. तोंडानं तू तिचंच नाव घेशील, मला माहितीये. तुझे हात खोटं बोलत नाहीत. उद्या राणी बाहेर असली, तर मी समजेन की रीतीप्रमाणे व्हावं अशी तुझी इच्छा आहे. पुन्हा कधी विचारणार नाही, शप्पथ. पण आशा बाहेर असली..."

तो वळून पायऱ्या उतरला, आणि या वेळी घसरला नाही.

त्या दुपारी अवंतिका नाणं तळहातावर घेऊन किती वेळ बसली, ते तिचं तिलाच ठाऊक. एकदा राणी वर, एकदा आशा वर. राणी वर ठेवली की उन्नतीचा लाल नाकाचा चेहरा समोर यायचा आणि बरं वाटायचं, पण लगेच केसांतल्या सुईकडे हात जायचा आणि नाणं पुन्हा उलटायचं. वडील गेल्यापासून ती दुसऱ्यांच्याच गळ्यांची मापं घेत आली होती. आपलं म्हणून तिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. चार वाजले. खिडकीतलं ऊन गादीवरून सरकून भिंतीवर गेलं. उजेड जायच्या आत तिनं सुई घेतली. डोळ्यांत पाणी होतं, पण हात अगदी स्थिर होता. तिनं नाणं ओवलं, दोन्हीकडून रेशमाच्या गाठी मारल्या, कच्ची गाठ घातली.

आशा बाहेर होती.

पाप केलं असं तिला वाटलं. आणि इतकी हलकीही ती कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला तो आला. अवंतिकानं बंद डबी पुढे केली आणि खाली मान घालून अंगठ्याचं नख कुरतडू लागली. लाजेनं तिला वर बघवेना. त्यानं डबी उघडल्याचा आवाज आला. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"कळलं मला," तो अगदी हळू म्हणाला. "थँक यू, अवंतिका."

ती वर बघेपर्यंत तो रस्त्यावर पोचला होता. पाठ दिसली फक्त.

आता तो घरी बोलेल, मग इथे येईल, असा हिशेब तिनं मनाशी मांडला. एक दिवस गेला. वडिलांना बरं नसेल. दोन दिवस गेले. असल्या गोष्टी काय चुटकीसरशी होतात? चौथ्या दिवसापासून तो रोज तिच्या मोबाइलवर एका तरी देवीचा फोटो पाठवायचा, तेही बंद झालं. तिनं पाच वेळा काही तरी लिहिलं, पाचही वेळा पुसलं. आपलं सांगून झालं होतं, आता बोलायची पाळी त्याची होती. सातव्या दिवशी कुणी तरी लग्नाची पत्रिका आणून दिली. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, सौभाग्यवती सुधाताई आणि कन्या. सौभाग्यवती खोडून पुन्हा श्रीमती केलं होतं.

म्हणजे त्यानं पाहिलं होतं, आणि तरीही! घाबरला असेल, नाही तर ऐन वेळी विचार बदलला असेल. नाही म्हटलं असतं तर ती सोसू शकली असती. पण आपण सगळं पणाला लावून हो म्हणावं, आणि ते हो डबीत घालून समोरच्यानं शांतपणे घरी न्यावं, हे कसं सोसायचं? ती जेवायची, झोपायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. सुधाताईंना वाटलं, कामाचा शीण आहे. त्यांनी तिच्यासाठी मेथीचे लाडू केले. तेही तिनं खाल्ले.

लग्नाचा मुहूर्त दुपारी पावणेबाराचा होता. नवरीच्या खोलीत बायकांची ही गर्दी, मोगऱ्याचा आणि नव्या शालूंचा वास. उन्नती पाटावर बसली होती, हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या. कुणी तरी डबी आणून अवंतिकाच्या हातात दिली. तिनं नाण्याकडे न बघताच कच्ची गाठ सोडली, माळ उन्नतीच्या गळ्यात घातली, दोन्ही टोकं मानेमागे घेतली आणि माळ सरळ बसलीय का ते बघायला समोरच्या आरशात नजर टाकली.

आरशात राणी होती. सरळ नाक, लाटांचे केस. राणी बाहेर.

शेजारी सुधाताई गोंडा धरून उभ्या होत्या.

"आई," ती कुजबुजली, "ही... ही राणी बाहेर कशी?"

सुधाताईंचा चेहरा कौतुकानं फुलला. त्याही कुजबुजल्या, "अगं वेडे, उलटी ओवली होतीस तू! घरात सोनं, म्हणून पहाटेच जाग आली मला. डबी उघडून बघते तर चुकलेलं. अर्धी माळ उसवली आणि परत ओवली गुपचूप. म्हटलं, पोर दमलीय, कशाला उठवा? कुणाला कळलंसुद्धा नाही बघ."

कुणाला कळलंसुद्धा नाही.

म्हणजे त्यानं डबी उघडली तेव्हा त्याला राणी दिसली होती. म्हणजे त्याचं ते 'कळलं मला' त्या राणीसाठी होतं. तो घाबरला नव्हता, बदलला नव्हता. तो गेले अठरा दिवस असा समजत होता, की अवंतिकानं त्याला नको म्हटलं. आणि दिलेल्या शब्दाला जागून त्यानं पुन्हा विचारलं नव्हतं.

माळेची दोन्ही टोकं अजून तिच्याच हातात होती. गाठ पडली नव्हती. एक टोक सोडलं की पुतळ्या सुटल्या असत्या, लोक धावले असते, आणि त्या गोंधळात पाच पावलांवरच्या दारातून बाहेर जाऊन त्याला दोन शब्द सांगणं... मोजून दोन शब्द! तिची बोटं सैल झाली. पहिली पुतळी दोऱ्यावरून बोटभर घसरली.

"दीदी," उन्नती मान न वळवता म्हणाली. तिचा हात खांद्यावरून मागे आला आणि अवंतिकाच्या मनगटाला घट्ट धरून राहिला. हात बर्फासारखा गार होता. "लूज नको. घट्ट बांधा. मला सारखं वाटतंय, कुणी तरी येईल आणि म्हणेल, हमें नहीं करना."

बाहेर भटजींनी हाक दिली, नवरीला आणा.

अवंतिकानं घसरलेली पुतळी वर सरकवली. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. पक्की गाठ. मग वाकून दातानं रेशमाचं टोक तोडलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी उन्नतीच्या मानेवर पडलं, आणि उन्नती म्हणाली, "दीदी, तुम्ही पण ना... आता मला रडवाल."

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. अवंतिकानंही टाकल्या.

जेवणं उरकल्यावर जोडपं सुधाताईंच्या पाया पडायला आलं. मान होता ना! विधवेनं ओटी भरायची नसते, पण उन्नतीनं हट्टानं पदर पसरला; सुधाताई तिची ओटी भरू लागल्या, आणि तेवढ्या वेळात समरजीत अवंतिकासमोर उभा राहिला. अठरा दिवसांत तो वाळला होता. नव्या फेट्याखाली चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

"पुन्हा विचारणार नाही म्हणालो होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हे विचारणं नाही. फक्त... राणी बाहेर ठेवलीत, ती विचार करून ना? मला तेवढं कळलं, की मग मी नीट वागू शकेन तिच्याशी."

तो पुन्हा तुम्हीवर आला होता.

अवंतिकानं आईकडे पाहिलं. सुधाताई खणावर नारळ ठेवत होत्या, मन लावून, जराही वाकडा बसू नये म्हणून. उन्नती पदर पसरून बसली होती. तिच्या छातीवर राणी चकाकत होती, आणि आशा आत, तिच्या अंगाला लागून होती.

"हो," अवंतिका म्हणाली. "विचार करूनच."

त्यानं मान हलवली. "बरं," तो म्हणाला. मग उन्नती उठली आणि दोघं पुढच्या पाहुण्यांकडे गेली.

रिक्षात सुधाताई खुशीत होत्या. "मंदाताई, म्हणजे नवऱ्याची आई गं, सगळ्या बायकांना दाखवत होत्या माळ. म्हणाल्या, इतकी सुबक कधी गाठवली गेली नव्हती. आपली चूक झाकली गेली बाई." अवंतिकानं त्यांचा हात हातात घेतला. त्याच बोटांनी पहाटे उठून माळ परत ओवली होती. आईला हे कधीही, काही झालं तरी कळू द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. मग तिनं बाहेर बघायला सुरुवात केली, कारण आईला चेहरा दिसू देऊन चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला कुणी तरी मोत्यांचा सर गाठवायला घेऊन आलं. अवंतिकानं खणातून मेणाचा गोळा काढला. त्यावर ती बाई तशीच होती, फूल हातात, घोळ उचललेला, निघालेली. इतके दिवस ती गोळ्याच्या दुसऱ्याच बाजूनं दोरा ओढत होती; ती बाजू आता संपली होती, आणि दुकानात दुसरं मेण नव्हतं.

"किती वेळ लागेल?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"तासभर. बसा समोर."

तिनं दोरा घेतला, मेणावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून ओढला. पहिल्या ओढीत फूल गेलं.